मॉडेल विमानाचं नवं इंजिन: रनिंग-इन करताना या चुका टाळा

नवी गाडी पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत दामटायची नाही, म्हणजे रनिंग-इन करायचं (भाग एकमेकांत नीट बसेपर्यंत जपून चालवायचं), हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मात्र मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनालाही (स्पार्कऐवजी ग्लो प्लगच्या तापलेल्या तारेने इंधन पेटवणाऱ्या छोट्या इंजिनालाही) तोच नियम लावला, तर चांगलं इंजिन सुरुवातीलाच झिजू शकतं.

कारच्या इंजिनात खाली ऑइल साठवलेलं असतं आणि पंप ते फिरवत राहतो. मॉडेलच्या टू-स्ट्रोक इंजिनात तेल इंधनातूनच येतं. इंधन म्हणजे मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि साधारण १८ ते २० टक्के तेल, एरंडेल किंवा सिंथेटिक. नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) आवळून मिश्रण लीन, म्हणजे कमी इंधनाचं, केलं की तेल आणि थंडावा दोन्ही एकदम घटतात. त्यामुळे इंजिनाला जपायचं ते रिच, म्हणजे जास्त इंधनाच्या, मिश्रणाने. नुसता वेग कमी ठेवून काही साधत नाही.

इंजिन रिंगवालं (पिस्टनवर रिंग असलेलं) आहे की एबीसी (बिनरिंगचं), हे न पाहता सुरू करणं ही सर्वात महागात पडणारी चूक. रिंगवाल्याचं गणित कारच्या जवळचं आहे: भरपूर रिच, थोडा वेळ चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा चालवा. एबीसीमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) असते. स्लीव्ह वरच्या टोकाला मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. इंजिन तापलं की ती पिस्टनपेक्षा जास्त फुगते आणि मगच दोघांचा मेळ बसतो. अशा इंजिनाला फार रिच मिश्रणावर थंड, भडभडत्या फोर-स्ट्रोक आवाजात (इंधन एक फेरी सोडून पेटताना येतो तसा) टाक्यांमागून टाक्या चालवलं, तर ती घट्ट बसणारी जागाच घासून जाते. छोटा प्रॉपेलर लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि नीडल एवढीच आवळा की आवाज सलग टू-स्ट्रोकचा होईल, पण सायलेन्सरमधून तेलकट धूर येत राहील.

नवं एबीसी इंजिन थंड असताना हाताने फिरवलं तर वर अडकतं, कधी चिरकतं. तो दोष नाही. पॉलिश पेपर लावू नका, पुन्हा पुन्हा कोरडं फिरवूही नका. हेअर ड्रायरने सिलिंडर कोमट करा, मग सुरू करा.

ग्लो प्लगची बॅटरी काढताच इंजिन बंद पडत असेल तर मिश्रण फार रिच आहे किंवा प्लग गेलाय. विमानाचं नाक वर उचलल्यावर आवाज ढासळला तर मिश्रण लीन. नीडल थोडी उघडा. इंधनाच्या नळीत बुडबुडे दिसले तर टाकीभोवती फोम घाला, कंपनाने इंधन फेसाळतंय.

या इंजिनांना सहसा एअर फिल्टर नसतो, म्हणून मातीवर ठेवून चालवू नका. टेबलावर पक्कं बांधा. नीडल नेहमी प्रॉपेलरच्या मागे उभं राहूनच फिरवा. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, तेव्हा सांडलेलं इंधन लगेच पुसा.

शेवटी टाकी रिकामी करून उरलेलं इंधन इंजिनात जाळून टाका आणि आफ्टर-रन ऑइलचे (चालवून झाल्यावर घालायच्या गंजरोधक तेलाचे) थेंब सोडून इंजिन फिरवा. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. आपल्या पावसाळ्यात हे चुकलं तर बेअरिंग गंजतात.