दहा शिंगांचा तक्ता, आणि दर्शनं वाचायची माझी रीत

नागपुरात मेकोसाबागेतल्या आमच्या घरात दिवाणाखाली एक गुंडाळी पडून आहे. १९८४ साली कार्डशीटवर मी काढलेला तक्ता. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातल्या सातव्या अध्यायातलं चौथं श्वापद, लोखंडी दात, दहा शिंगं आणि प्रत्येक शिंगावर लाल स्केचपेननं युरोपातल्या एकेका देशाचं नाव. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, पत्रं वेगळी करणारा नुकताच लागलेला सॉर्टर. १९८१ला ग्रीस युरोपीय आर्थिक समुदायात आला आणि देश झाले बरोबर दहा. कुठूनशी हाती आलेल्या एका पुस्तिकेत हे जुळवून दिलेलं होतं. मी ते तरुणसंघात अर्धा तास ठासून सांगितलं. मग १९८६ला स्पेन आणि पोर्तुगाल आले. आई तक्त्यासमोर उभी राहून म्हणाली, "काहून रे, आता हे दोन शिंगं कुठं चिकटवशीन?"

त्या दिवसापासून मी दर्शनं, म्हणजे संदेष्ट्यांना देवाकडून दिसलेली चित्रं, वेगळ्या रीतीनं वाचायला लागलो. आता दर गुरुवारी सात-आठ जण आमच्याकडे बायबल अभ्यासाला बसतात. त्यांनी मागितलं म्हणून ही रीत लिहून काढतो आहे.

पहिलं काम पेन्सिलीचं. दर्शन वाचा आणि त्याच अध्यायात अर्थ सांगितलाय का ते शोधून त्याखाली रेघ ओढा. पाकिटावर पत्ता लिहिलेला असताना आम्ही अंदाज करत बसत नव्हतो. दानीएल ८ मध्ये दोन शिंगांचा एडका दिसतो. विसाव्या वचनात देवदूत सरळ सांगतो, हे मेदी आणि पारस यांचे राजे. बोकड म्हणजे ग्रीसचा राजा. यहेज्केल ३७ मधली वाळलेली हाडं म्हणजे इस्राएलाचं सगळं घराणं, हे अकराव्या वचनात आहे. प्रकटीकरणात, म्हणजे योहानाला दिसलेल्या दर्शनांच्या बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकात, सात समया म्हणजे सात ख्रिस्ती मंडळ्या (१:२०), धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना (५:८), जलं म्हणजे लोक आणि राष्ट्रं (१७:१५), अजगर म्हणजे सैतान (१२:९). लोक म्हणतात हे पुस्तक कुलूपबंद आहे. अहो, अर्ध्या किल्ल्या दारालाच लटकलेल्या आहेत.

जिथं अर्थ दिलेला नाही तिथं मागं जा, म्हणजे जुन्या करारात, येशूच्या आधीच्या पुस्तकांत. बातम्यांकडे नाही. प्रकटीकरणाची वचनं चारशेच्या वर आहेत आणि पानोपानी मोशे, यशया, यहेज्केल, दानीएल, जखऱ्या यांचे पडसाद आहेत. तेराव्या अध्यायातलं श्वापद चित्त्यासारखं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं. दानीएल ७ शेजारी उघडा: सिंह, अस्वल, चित्ता, तेच तिघं उलट्या क्रमानं एका अंगात आले आहेत. म्हणजे योहानाला नवा प्राणी दाखवायचा नाही. आजवरच्या जुलमी राज्यांचा अर्क एकत्र दिसतोय.

मागच्या पावसाळ्यात एक कॉलेजचा पोरगा मोबाईल घेऊन आला. "काका, नवव्या अध्यायातले टोळ म्हणजे ड्रोन होय ना? इथं सांगून राह्यले." मी दिवाणाखालची गुंडाळी काढली, तक्ता पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ ओढली. डावीकडे योएल, उजवीकडे प्रकटीकरण ९. त्यालाच लिहायला लावलं. योएल १:६, सिंहाचे दात. प्रकटीकरण ९:८, सिंहाचे दात. योएल २:४, घोड्यांसारखे, ९:७, घोड्यांसारखे. योएल २:५, रथांचा खडखडाट. ९:९, रथांचा खडखडाट. चौथी ओळ आपोआप वर निघाली: निर्गमाचा दहावा अध्याय, मिसरावरची पीडा. पोरगा गप्प. आमच्यातल्या एका मावशींच्या भावाची काटोलकडं संत्र्याची बाग आहे. मे २०२०मध्ये तिकडं टोळधाड आली तेव्हा लोक थाळ्या आणि डबे बडवत बांधावर उभे होते. मावशी म्हणाल्या, "तो आवाज ऐकला असता ना बाबू, तर तुला ड्रोन लागलाच नसता." बारा वर्षं ग्रंथ चाळून मला सुचलं नसतं इतकं नेमकं भाष्य.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि इथं आपण मराठी वाचक हमखास अडतो. आमोस ८ मध्ये देव उन्हाळी फळांची टोपली दाखवतो आणि म्हणतो, माझ्या लोकांचा शेवट आला आहे. ड्यूटी संपवून संत्रा मार्केटच्या बाजूनं निघालो की मला हे वचन आठवायचं आणि डोकं खाजवायचो, फळांचा आणि शेवटाचा संबंध काय? संबंध उच्चाराचा आहे. हिब्रूत उन्हाळी फळ म्हणजे 'कायिट्स' आणि शेवट म्हणजे 'केट्स'. यिर्मया १ मध्येही तसंच: बदामाची डहाळी 'शाकेद', आणि देव म्हणतो मी 'शोकेद', जागा राहून पाहतो आहे. म्हणून एखादं चित्र उगाच आल्यासारखं वाटलं तर थांबा, दोन भाषांतरं ताडून पाहा, तळटीप असेल तर वाचा. बायबल सोसायटीची प्रत आणि पंडिता रमाबाईंचं भाषांतर शेजारी ठेवलं तरी बरंच उमगतं.

आकड्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्या नादानं माणसं वाया जातात. साडेतीन काळ (म्हणजे वर्षं), बेचाळीस महिने, १२६० दिवस हे एकच माप आहे, साताचं अर्धं: छळ आहे, पण मोजून दिलेला. दानीएल ८:१४ मधल्या २३०० संध्याकाळ-सकाळींची वर्षं करून अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या परत येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली; हजारो लोक वाट पाहत बसले आणि दुसरा दिवस उजाडला. तो दिवस आणि ती घटका कोणाला ठाऊक नाही, हे खुद्द येशूनं सांगितलंय (मार्क १३:३२). श्वापदाचा आकडा ६६६, त्याचं म्हणाल तर 'नेरोन कैसर', म्हणजे रोमचा सम्राट नीरो, हे हिब्रू अक्षरांत लिहा आणि अक्षरांचे आकडे मिळवा: ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २००. बेरीज करून पाहा. नेरोनमधलं शेवटचं 'न' (५०) हे अक्षर काढून टाकलं तर ६१६ येतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत ६१६च आहे. बारकोड, आधार कार्ड, लस, सगळं माझ्या दारात येऊन गेलंय. माझा प्रश्न एकच असतो: आशियातल्या (म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या) त्या सात मंडळ्यांना, रोमच्या टाचेखाली बसून हे पत्र ऐकताना, यातलं काय कळलं असतं?

पण हेही कबूल करतो की प्रत्येक पत्ता शेवटच्या घरापर्यंत लागत नाही. पिन कोडचा पहिला ४ वाचून पत्र आपल्या पट्ट्यातलं आहे एवढं कळतं, ४४० वाचून नागपूर. गल्ली पुढं ठरते. दानीएलाचं चौथं श्वापद रोम, असं मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते ग्रीकांचं राज्य, आणि लहान शिंग म्हणजे इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचं मंदिर विटाळणारा ग्रीक राजा अंतियोख. मी रोमकडे झुकतो. वहीत मात्र पेन्सिलीनंच लिहिलंय, लाल स्केचपेन केव्हाच फेकला.

शेवटची खूण मला सगळ्यात प्रिय. योहानानं काय ऐकलं आणि काय पाहिलं, हे वेगवेगळं लिहा. पाचव्या अध्यायात तो ऐकतो, यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला. पाहतो तर वधलेला कोकरा. सातव्यात ऐकतो १,४४,००० ही मोजदाद, आणि पाहतो कोणाला मोजता येणार नाही असा लोकसमुदाय. ऐकलेलं वचन जुन्या कराराचं, दिसलेली पूर्तता ख्रिस्ताची. सिंहाचा विजय कसा झाला ते कोकऱ्याच्या जखमांत दिसतं. एखाद्या अर्थातून श्वापदच मोठं होत गेलं आणि कोकरा कोपऱ्यात गेला, तर मी तो अर्थ खोडतो. माझ्या तक्त्यावर, खरं सांगतो, कोकरा नव्हताच.

येत्या गुरुवारसाठी जखऱ्या १ ते ६ वाचून या. आठ दर्शनं आहेत. जखऱ्या किती वेळा "हे काय आहे?" असं विचारतो ते मोजा, आणि चौथ्या अध्यायात देवदूत "हे तुला ठाऊक नाही काय?" म्हणतो तेव्हा संदेष्टा काय उत्तर देतो त्याखाली रेघ ओढा. पेन्सिल घरून आणा. माझ्या पेन्सिली दर वेळी गायब होतात.