कागदावर पास, टाकीत मेलेले मासे

चंद्रपूर भागातल्या एका उघड्या कोळसा खाणीत मी पाण्याचे नमुने तपासायचो. संपमधलं, म्हणजे खाणीच्या तळाशी खड्ड्यात साठलेलं पाणी आम्लधर्मी, म्हणून चुना घालून, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) वाढवून सोडायचो. पीएच ८.८, धातू नगण्य, सगळं नियमात. पण ९६ तासांच्या चाचणीत १०० टक्के सांडपाण्यात ९० टक्के मासे जगायला हवेत. आमचे दुसऱ्या सकाळीच उताणे.

दोन आठवडे मी जस्त-तांब्याच्या मागे लागलो. फुकट गेले. मग एकच नमुना दोन टाक्यांत ओतून एकीचा पीएच ६.५वर आणला. तिथले मासे मजेत, ८.८वाले पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. म्हणजे अमोनिया! ब्लास्टिंगच्या स्फोटकातल्या अमोनियम नायट्रेटचा, सुरुंगाच्या ओल्या होलमधून विरघळलेला. एकूण अमोनिया लिटरला १२ मिलिग्रॅमच, पण २५ अंशाला ८.८ पीएच असेल तर त्यातला चौथा हिस्सा मुक्त, विषारी रूपात, ७.५ला जेमतेम दोन टक्के.

थोडक्यात, आमचा चुनाच मासे मारत होता. डोस उतरवून पीएच ७.५वर ठेवला, पाण्यातलं लोह तळाशी बसायला तेवढा पुरतो (मँगनीज जास्त असतं तर इतकं सोपं गेलं नसतं). सांडलेलं स्फोटक लगेच गोळा करा, हे ब्लास्टिंगवाल्यांना पटवायला मात्र बराच चहा पाजावा लागला. पुढच्या चाचणीत दहापैकी दहा जिवंत.