गोपनीय भाग वगळून सरकारी माहिती कशी मागावी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले आणि ते ओसरल्यावर घरोघरी एकच विचारणा सुरू झाली, की पंचनाम्याच्या यादीत कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले. अशी यादी मागितल्यावर ‘वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर एका कार्यालयाकडून मलाही मिळाले आहे. त्यावरचा उपाय अर्ज लिहितानाच करावा लागतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खालील अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहावा. ‘पूरग्रस्तांची सर्व माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता रकाने सांगावेत: लाभार्थ्याचे नाव, नुकसानीचा प्रकार, मंजूर रक्कम, मंजुरीचा दिनांक. त्याखाली आपणहून लिहावे, ‘बँक खाते, आधार व मोबाइल क्रमांक कलम १० प्रमाणे वगळून उर्वरित माहिती द्यावी.’ माझ्या मते अर्जातील सर्वांत मोलाचे वाक्य हेच, कारण कागदाचा एक भाग गोपनीय असला म्हणून सगळा कागद अडवून ठेवता येत नाही, असे हे कलम सांगते. क्रमांक काळ्या शाईने झाकले असतील, तर त्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढूनच प्रत द्यावी, अशीही विनंती करावी; नुसत्या शाईखालचे आकडे उजेडात धरले की वाचता येतात, आणि शेजाऱ्याचे खाते उघडे पडणे हा कोणाचाच हक्क नव्हे.

माहिती नाकारण्यासाठी कलम ८ मध्ये दिलेले काही अपवाद रास्त आहेत: देशाची सुरक्षा, चालू तपासात येणारा अडथळा, खबर देणाऱ्याच्या जिवाला धोका. असे तपशील मागूच नयेत. कलम ८(१)(ञ) मधील वैयक्तिक माहितीचा अपवाद मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अधिक कडक केला आहे. म्हणून अर्जात कलम ८(२) चा आधार घ्यावा. माहिती जाहीर केल्याने होणाऱ्या हानीपेक्षा ती जाहीर करण्यातले सार्वजनिक हित मोठे असेल, तर अपवादातली माहितीही देता येते. अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील तर कलम ४ प्रमाणे कार्यालयाने न मागताच प्रसिद्ध करायचा असतो, याचीही आठवण द्यावी.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करावे. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्यावर असते, म्हणून नकारपत्रात कलम आणि कारण दोन्ही आहेत का, हे आधी पाहावे. तेथेही दाद न मिळाल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते. त्यासोबत मूळ अर्जाची शिक्का मारलेली पोच अवश्य जोडावी.