ट्रान्स आणि नॉन-बायनरी मुलांचा शाळेतला छळ कसा थांबवायचा: मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांसाठी

जन्मावेळी ठरवलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही ती ट्रान्स मुलं, आणि स्वतःला फक्त मुलगा किंवा फक्त मुलगी न मानणारी ती नॉन-बायनरी. शिक्षक फळ्यासमोर उभे असताना सहसा कुणी कुणाची चड्डी ओढत नाही. ते होतं मुतारीच्या दारात, पीटीच्या तासाआधी कपडे बदलताना, जिन्याच्या वळणावर, व्हॅनच्या मागच्या सीटवर. रात्री तेच वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालू राहतं. म्हणून सुरुवात एका कागदापासून करा. शाळेच्या इमारतीचा कच्चा आराखडा काढा आणि कोणत्या दहा-पंधरा मिनिटांत कोणत्या जागी एकही मोठं माणूस नसतं, तिथे खुणा करा. शिपाईमामा आणि सफाईच्या मावशींना या कामात आवर्जून बसवा. कुठे काय चालतं हे स्टाफरूमपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. खुणा केलेल्या जागी मधल्या सुट्टीची ड्यूटी लावा, आणि ड्यूटी म्हणजे फोन बघत उभं राहणं नव्हे, हे आधीच स्पष्ट सांगा.

मूल स्वतःहून तक्रार करेल याची वाट पाहू नका. लक्षणं आधी दिसतात. दिवसभर पाण्याची बाटली भरलेलीच राहते, कारण पाणी प्यायलं तर स्वच्छतागृहात जावं लागेल. पीटीच्या वारी नेमकी गैरहजेरी लागते. डबा वर्गातच, एकट्याने खाल्ला जातो. वह्या, दप्तर, चपला वारंवार ‘हरवतात’. प्रकट वाचनाला उठायला नकार येतो, कारण आवाजाची नक्कल होते. यातली दोन-तीन एकत्र दिसली, तर मूल ट्रान्स आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून त्रास होतोय का एवढंच पाहा. वागणं-बोलणं ‘मुलासारखं’ किंवा ‘मुलीसारखं’ नाही म्हणून छळलं जाणारं प्रत्येक मूल ट्रान्स असतं असं नाही. संरक्षण मात्र सगळ्यांना सारखंच हवं, आणि ते देण्यासाठी शाळेने कुणाकडून कबुली किंवा प्रमाणपत्र मागायची गरज नाही.

डोळ्यांदेखत घडलं तर

चिडवणं कानावर पडलं की तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल असं थांबवा. वाक्य छोटं आणि वागण्याबद्दलचं असू द्या: “हा शब्द या शाळेत कुणालाही वापरायचा नाही. तू माझ्याबरोबर चल.” ज्याला चिडवलं जातंय त्याच्याबद्दल काहीच बोलू नका. “तो तसा नाहीये रे” हे वाक्य चांगल्या हेतूने म्हटलं जातं, पण त्यातून ‘तसं’ असणं वाईट आहे हेच पोरांना कळतं. “मनावर घेऊ नकोस”, “तू जरा नीट चाल, मग कोण चिडवेल?” ही वाक्यं तर छळ करणाऱ्याचीच बाजू घेतात.

नंतर त्या मुलाला एकटं, पण इतरांच्या नजरेत येणार नाही अशा वेळी भेटा. “तू खरंच कोण आहेस?” असं विचारू नका. विचारायचं ते असं: काय झालं, किती दिवस चाललंय, कोणत्या जागेची भीती वाटते, आणि उद्यापासून मी काय केलं तर तुला बरं वाटेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा अगदी साधं निघतं: बाक बदलून द्या, व्हॅनमध्ये पुढे बसू द्या.

दोघांना समोरासमोर उभं करून “सॉरी म्हण, हात मिळव” हा प्रकार टाळा. बरोबरीच्या दोन पोरांच्या भांडणात तो चालतो. इथे एक बाजू दुबळी असते, शिक्षकांसमोर ती मान हलवते आणि शाळा सुटल्यावर त्याची किंमत मोजते.

त्याच दिवशी नोंद करा. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, कुणी पाहिलं, आणि नेमके शब्द. ‘अपशब्द वापरले’ असं लिहिल्याने पुढच्या चौकशीत काहीच हाती लागत नाही. ‘छक्का’ म्हटलं असेल तर तसंच लिहा. ग्रुपवरचे मेसेज असतील तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मात्र मुलाचे अर्धनग्न किंवा कपडे बदलतानाचे फोटो फिरत असतील तर ते पुरावा म्हणूनही स्वतःच्या फोनवर घेऊ नका, पुढे पाठवू नका. तो फोन बाजूला ठेवून थेट पोलिसांना कळवा.

घरी काय सांगायचं

सगळ्यात मोठी हानी इथे होते, आणि ती बहुधा काळजी करणाऱ्या शिक्षकाच्या हातून होते. मूल वर्गशिक्षकांशी मन मोकळं करतं, शिक्षक जबाबदारीने पालकांना बोलावतात, आणि त्या रात्री घरात मारहाण होते, शाळा बंद होते, किंवा ‘बाहेरचं काही’ उतरवायला नेलं जातं. म्हणून छळाची माहिती आणि मुलाच्या लिंगओळखीची माहिती या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पालकांना सांगा: “वर्गातली काही मुलं त्रास देत होती, आम्ही ही पावलं उचलली आहेत.” त्रास का देत होती याचं उत्तर मुलाने परवानगी दिल्याशिवाय देऊ नका. भेटीआधी मुलालाच विचारा: घरी कुणाला काय माहीत आहे, घरी कोणत्या नावाने बोलू? गुप्ततेचं वचन देताना मर्यादाही आधीच सांगा. जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर गप्प राहता येणार नाही.

मुलाला ‘बरं करायला’ नेतो असं पालक म्हणाले, तर त्यांना शांतपणे सांगा की हा आजार नाही. लैंगिक ओळख बदलण्याचे उपचार वैद्यकीय गैरवर्तन ठरवावेत असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने दिला आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ते तसे ठरवले.

मराठी बोलताना

‘मी आलो’ की ‘मी आले’ हे आपल्या भाषेत प्रत्येक वाक्याला ठरवावं लागतं. मुलाने एक रूप वापरलं आणि शिक्षकांनी वर्गासमोर “आले नाही, आलो म्हण” असं दुरुस्त केलं, की पुढचा आठवडाभर पोरांना खेळ मिळतो. ही दुरुस्ती बंद करा. कोल्हापूरकडच्या कित्येक बायका सहज ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, त्याने मराठी बुडालेली नाही.

मूल कोणतं रूप वापरतं ते ऐका, आणि वर्गात तेच वापरलेलं चालेल का हे एकांतात विचारा. एकांतात ‘तू आलीस’ हवं असलेल्या मुलाला सगळ्यांसमोर ते नको असू शकतं. अशा वेळी किंवा नॉन-बायनरी मुलासाठी मराठीत वाटा पुष्कळ आहेत. ‘गृहपाठ केलास का?’, ‘डबा खाल्लास का?’, ‘तुला जमलं का?’, ‘उद्या येशील ना?’ या वाक्यांत लिंग दिसतच नाही. अडचण येते ती ‘आलास-आलीस’ आणि ‘करतोस-करतेस’ इथे. तिथे वाक्य थोडं वळवायचं. ‘तू आज उशिरा आलास’ऐवजी ‘आज उशीर झाला तुला’. ‘मूल’ हा शब्द मुळातच नपुंसकलिंगी आहे, अहवाल आणि नोंदी लिहिताना तो फार कामाचा आहे.

हाक आडनावाने मारता येते. जनरल रजिस्टरमधलं नाव बदलणं ही वेगळी, कागदोपत्री प्रक्रिया आहे. वर्गात हवं ते नाव वापरायला तिच्यासाठी थांबावं लागत नाही.

मुलगे इकडे, मुली तिकडे

परिपाठाच्या रांगा, हजेरी, कवायतीचे गट, स्नेहसंमेलनातले नाच, सगळीकडे आपण मुलं दोन भागांत वाटतो. दिवसातून सहा-सात वेळा एका मुलाला सगळ्यांसमोर चुकीच्या रांगेत उभं राहावं लागतं. जिथे या वाटणीचं खरं कारण नाही तिथे ती काढून टाका: रांगा उंचीने लावा, हजेरी अकारविल्हे घ्या, गट रोल नंबरने पाडा. हे सगळ्या वर्गासाठी करा. एकाच मुलासाठी केलं तर बोट त्याच्याकडे जातं.

स्वच्छतागृहासाठी नवं बांधकाम लागेलच असं नाही. कडी नीट लागणारं, पाणी आणि झाकणाचा कचराडबा असलेलं एक स्वतंत्र शौचालय कुणालाही वापरता येईल असं जाहीर करा. पाटी फक्त ‘स्वच्छतागृह’ अशी हवी. ‘तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी’ अशी पाटी लावली की ते दार उघडणं म्हणजे जाहीर घोषणा होते आणि कुणीच तिथे जात नाही. किल्ली ऑफिसात मागायला लावणंही तसंच. ट्रान्स मुलग्यांना (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंदलेल्या) पाळी येऊ शकते, म्हणून पॅड फक्त मुलींच्या स्वच्छतागृहात ठेवू नका.

पीटीच्या दिवशी घरूनच पीटीचा गणवेश घालून येण्याची मुभा सगळ्यांना द्या, कपडे बदलण्याचा प्रश्नच मिटतो. सहलीच्या मुक्कामात झोपायची व्यवस्था महिनाभर आधी त्या मुलाशी बोलून ठरवा, बस सुटताना नव्हे.

कायदा आणि मुदती

तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ हा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याचं कलम १३ मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांवर भेदभावाशिवाय शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी देण्याची जबाबदारी टाकतं. २०२० चे नियम आणखी पुढे जातात. शिक्षणसंस्थेत छळाच्या तक्रारींसाठी समिती हवी, आणि छळ करणाऱ्यांच्या, त्यात शिक्षकही आले, वावराची झळ त्या विद्यार्थ्याला लागू नये एवढे अधिकार तिला हवेत. याचा अर्थ सरळ आहे: तुकडी बदलायची वेळ आली तर ती छळणाऱ्याची बदला. व्यवहारात उलटं होतं, कारण मुकाट्याने जाणारं मूल हलवणं सोपं असतं. संस्थेने नेमलेल्या तक्रार अधिकाऱ्याने १५ दिवसांत चौकशी करायची आणि अहवाल आल्यावर संस्थाप्रमुखांनी १५ दिवसांत कारवाई करायची.

शिक्षकच नकला करत असतील किंवा ‘बायल्या’ म्हणत असतील, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मानसिक छळालाही मनाई करतं. कपडे ओढून ‘काय आहे ते बघणं’ ही मस्करी समजू नका. लैंगिक हेतूने केलेला स्पर्श किंवा शेरेबाजी पोक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली येते. तो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, लिंग कोणतंही असो. माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे. आधी संस्थाचालकांची बैठक घेऊन मग ठरवू, असं चालत नाही. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे हेल्पलाइन क्रमांक प्रत्येक वर्गात लावून ठेवा.

छळणाऱ्या मुलांचं काय

सहसा एकजण पुढाकार घेतो, तिघं-चौघं हसतात आणि बाकीचे बघतात. पुढाकार घेणाऱ्याशी एकट्याने बोला. गटाने बोलावलं तर तो गटासाठी नाटक करतो. काय केलं ते त्याच्याच अक्षरात लिहून घ्या आणि त्याच्या पालकांना तेच दाखवा. छळ झालेल्या मुलाच्या ओळखीबद्दल तिथेही एक शब्द नाही. हसणाऱ्यांशी वेगळं बोला, कारण ते थांबले की खेळ संपतो.

उपाय केल्यावर तीन दिवसांनी, दोन आठवड्यांनी आणि सत्र संपताना त्या मुलाला पुन्हा भेटा. “सगळं ठीक ना?” असं विचारलं तर “हो” येईल. ‘मधल्या सुट्टीत कुठे होतास?’ किंवा ‘होतीस?’ हेही नको, त्यात लिंग येतं. त्याऐवजी विचारा: ‘या आठवड्यात मधली सुट्टी कशी गेली, कुणाबरोबर डबा खाल्लास?’ आणि पाण्याची बाटली रिकामी झालीय का, ते बघा.