जुन्या अमेरिकी थडग्यांवरचे लेख वाचताना या चुका टाळा

बॉस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत (स्थापना १६६०) मधोमध एक उंच ग्रॅनाइटचा स्तंभ दिसतो. त्यावर ठळक ‘फ्रँकलिन’ कोरलंय. बेंजामिन फ्रँकलिन इथेच आहे असं समजून लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. तो आहे फिलाडेल्फियात. इथे त्याचे आईवडील आहेत आणि स्तंभही १८२७ चा, म्हणजे वडील गेल्यानंतर तब्बल ८२ वर्षांनी उभारलेला. तेव्हा मोठं नाव दिसलं तरी खालच्या बारीक ओळी वाचल्याशिवाय हलू नका.

सर्वांत जास्त गोंधळ तारखांचा. ‘इन द फॉर्टी-फिफ्थ इयर ऑफ हिज एज’ (आयुष्याचं ४५ वं वर्ष चालू असताना) असं कोरलेलं असेल तर माणूस ४४ पूर्ण करून गेला. वंशावळीत सरळ ४५ मांडलं की जन्मसाल एका वर्षाने घसरतं. फेब्रुवारी १७११/१२ असं जोडसाल दिसलं तर ती कोरणाऱ्याची चूक नव्हे. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारीपासून तोवरच्या तारखांना दोन सालं लिहीत. त्याच वर्षी कालगणना बदलली आणि सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ उजाडली. थॉमस जेफरसनच्या मॉन्टिसेलोतल्या (त्याच्या राहत्या इस्टेटीवरच्या) थडग्याच्या स्तंभावर जन्मतारीख २ एप्रिल १७४३ आहे आणि पुढे ‘ओ. एस.’, म्हणजे जुनी कालगणना. आजच्या हिशोबाने ती १३ एप्रिल. (त्याच लेखात तो राष्ट्राध्यक्ष होता याचा उल्लेखच नाही! काय कोरायचं हे त्याने स्वतः लिहून ठेवलं होतं.)

अक्षरांचंही तसंच. शब्दाच्या मध्ये ‘एफ’सारखं काही दिसलं तर बहुतेक वेळा तो लांब ‘एस’, म्हणजे जुन्या वळणाचा ‘एस’च असतो. ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा. ‘कन्सॉर्ट’ लिहिलं असेल तर बहुधा नवरा मागे राहिला होता.

अक्षरं पुसट असली की शेव्हिंग फोम, खडू, तारेचा ब्रश किंवा ब्लीच वापरायचे सल्ले मिळतात. कृपा करून यातलं काहीही करू नका. फोममधली आम्लं दगडाच्या छिद्रांत उरतात आणि आम्लवर्षेने आधीच साखरेसारखा भुरभुरलेला संगमरवर तर ब्रशने झडूनच जातो. कागद लावून ठसा घ्यायलाही बॉस्टनच्या ऐतिहासिक दफनभूमींत बंदी आहे. त्यापेक्षा एक आरसा न्या. सोबतच्या माणसाला तो बाजूला धरून ऊन दगडावर तिरपं पाडायला सांगा. कोरीव रेषांत सावली भरते आणि समोरून कोरा वाटणारा दगड वाचता येतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडांना तर याशिवाय इलाज नाही.

पंख असलेली कवटी पाहून चाचे आठवू नका. प्युरिटन, म्हणजे तिथे वसलेल्या कडव्या प्रोटेस्टंट लोकांचं ते नेहमीचं चिन्ह. पुढे तिच्या जागी पंखवाला देवदूताचा चेहरा आला, मग कलश आणि विलोचं झाड.

आणि फक्त आद्याक्षरं असलेला बुटका दगड बाळाचा समजू नका. तो बहुधा पायथ्याचा दगड असतो. डोक्याकडचा त्याच्यासमोर काही फुटांवर शोधा. सापडला नाही तर गवत कापायच्या सोयीसाठी कुणीतरी रांगा सरळ केल्या असण्याची शक्यता धरा. ग्रॅनरीत तसंच झालंय.