नवीन कन्सोल चालणार की पडणार, हे आधीच कसं ओळखायचं

टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनची, म्हणजे नवीन कन्सोलची बातमी आली की ग्रुपवर पहिला मेसेज टेराफ्लॉप्सचा, म्हणजे चिपच्या ताकदीच्या मापाचा पडतो, आणि अंदाज चुकायला तिथूनच सुरुवात होते. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचा गेमक्यूब दोन्ही सोनीच्या प्लेस्टेशन 2 पेक्षा ताकदवान होते, तरी प्लेस्टेशन 2 खपला 15 कोटी नगांच्या वर आणि ते दोघं मिळून 5 कोटींनाही पोचले नाहीत. निन्टेन्डोचा पुढचा कन्सोल वी (Wii) तर ताकदीत एक्सबॉक्स 360 च्या जवळपासही नव्हता, तो 10 कोटी 16 लाख खपला. त्यामुळे चिप किती भारी हे वाचायचं, मजा घ्यायची, आणि अंदाज करताना बाजूला ठेवायचं.

मी एक साधी दोनशे पानी वही ठेवलीय, प्रत्येक कन्सोलला एक पान. तुम्ही पण ठेवा, कारण डोक्यात केलेला अंदाज नंतर आपोआप बदलतो, आपल्याला वाटतं आपण आधीपासून असंच म्हणत होतो. पानावर वर तारीख, खाली आकडा, आणि आकडा म्हणजे "मस्त चालेल" नाही, "पहिल्या मार्चपर्यंत इतके" असं लिहायचं.

लाँचच्या आधी दोनच गोष्टी कामाच्या. एक म्हणजे किंमत, पण नुसती नाही, शेजारच्याच्या तुलनेत. 2013 ला प्लेस्टेशन 4 आला 399 डॉलरला आणि एक्सबॉक्स वन 499 ला, कारण त्यात हातवारे ओळखणारा किनेक्ट कॅमेरा सक्तीने होता, वर गेमच्या जुन्या डिस्क विकण्यावर-देण्यावर बंधनं घालायचा बेत होता जो लोकांनी आरडाओरडा केल्यावर जूनमध्येच मागे घेतला, पण तोपर्यंत जे व्हायचं ते झालेलं. ती शर्यत माझ्या मते त्या जूनमध्येच संपली होती, दुकानात डबा यायच्या आधी. 2006 ला प्लेस्टेशन 3 चं पण तसंच, 499 आणि 599 डॉलर. हिशोबाने ते स्वस्तच होतं, कारण त्यात ब्लू-रे, म्हणजे एचडी सिनेमाच्या डिस्क चालायच्या, आणि तेव्हा नुसता ब्लू-रे प्लेअर हजार डॉलरच्या घरात होता, पण घरात एचडी टीव्हीच नसेल तर ब्लू-रे घेऊन करायचं काय, तोच माणूस 249 डॉलरचा वी उचलून घरी गेला. किंमत बघताना हे विचारायचं की घेणाऱ्याच्या घरात आत्ता काय आहे.

दुसरी गोष्ट गेम्स, आणि इथे सगळे फसतात, कारण सगळे पहिल्या दिवसाची यादी बघतात. पहिल्या दिवशी रांगेत उभे राहणारे काहीही आलं तरी घेतात हो! बघायचं ते लाँचनंतरच्या चौथ्या ते दहाव्या महिन्यात काय येतंय ते. त्या महिन्यांत कॅलेंडर रिकामं दिसलं की पानावर लाल पेनाने खूण करा.

आता खरी गोष्ट, जी फार कमी लोक करतात. निन्टेन्डो दरवर्षी सांगते की मार्चपर्यंत आम्ही इतके कन्सोल विकू, आणि मध्ये दर तिमाहीला निकाल येतो तेव्हा तो आकडा तसाच ठेवते, वाढवते किंवा कापते. ते कापणं-वाढवणं हाच सगळ्यात चांगला अंदाज, कुठल्याही यूट्यूबवाल्यापेक्षा. माझ्या वहीतलं वी यू चं पान सांगतो. कन्सोल आला नोव्हेंबर 2012 ला, कंपनी म्हणाली मार्चपर्यंत 55 लाख. डिसेंबरअखेर 30 लाख 60 हजार गेले, सगळीकडे आनंदीआनंद, पण जानेवारीत कंपनीने आकडा गुपचूप 40 लाखांवर आणला. खरे झाले 34 लाख 50 हजार, म्हणजे जानेवारी ते मार्च फक्त 3 लाख 90 हजार, आणि पुढच्या तिमाहीत 1 लाख 60 हजार. पुढच्या वर्षासाठी म्हणाले 90 लाख, मग ते कापून 28 लाख केले. शेवटी सगळ्या आयुष्यात 1 कोटी 35 लाख. जानेवारी 2013 लाच हे दिसत होतं, फक्त डिसेंबरचा आकडा बाजूला सारून त्या कापलेल्या आकड्याकडे बघायला हवं होतं.

आता समोरचं पान, स्विच. आला मार्च 2017 ला, पुढच्या वर्षभरासाठी अंदाज 1 कोटी, ऑक्टोबरमध्ये वाढवून 1 कोटी 40 लाख, जानेवारीत दीड कोटी, आणि झाले 1 कोटी 50 लाख 50 हजार. दोन्ही पानं शेजारी ठेवली की वेगळं काही समजवावं लागत नाही. स्विच 2 जून 2025 ला आला तेव्हा अंदाज दीड कोटीचा होता, नोव्हेंबरमध्ये तो 1 कोटी 90 लाख केला, मी लगेच हिरव्या पेनाने बाण काढला.

एक लक्षात ठेवा, कंपनी जे "विकले" म्हणते ते बहुतेक वेळा दुकानांना पाठवलेले डबे असतात, लोकांच्या घरात गेलेले नाही. म्हणून एका तिमाहीवर कधी उडी मारू नका, सलग दोन-तीन बघा. आणि मायक्रोसॉफ्ट तर 2015 पासून एक्सबॉक्सचे आकडेच सांगत नाही, तिथे ही पद्धत चालत नाही, तिथे किंमत आणि गेम्सवरच भागवायचं. आपल्याकडच्या दुकानांवरून पण जगाचा अंदाज बांधू नका, मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला स्विच मिळतो तो बाहेरून आणलेला, निन्टेन्डो भारतात अधिकृत विकतच नाही.

पडलेला कन्सोल कायमचा पडतोच असं पण नाही. प्लेस्टेशन 3 ला 2007 मध्ये लोकांनी तिलांजली दिलेली, 2009 ला तो स्लिम होऊन 299 डॉलरवर आला आणि शेवटी 8 कोटी 70 लाखांच्या आसपास गेला, एक्सबॉक्स 360 च्या बरोबरीने. वी चं उलट, एका वर्षात 2 कोटी 59 लाख, मग 2 कोटी 5 लाख, मग दीड कोटी, मग 98 लाख. म्हणून पानावर दोन आकडे लिहा, पहिल्या वर्षाचा वेगळा आणि आयुष्यभराचा वेगळा, आणि दुसऱ्याला मोठी रेंज द्या.

पुढच्या पिढीसाठी मला जास्त काळजी वाटते ती याची, की आधी किंमत उतरायची म्हणून उशिरा घेणारे लोक यायचे, प्लेस्टेशन 2 तर 299 डॉलरवरून 99 पर्यंत आला. आता उलटं चाललंय, 2020 चा प्लेस्टेशन 5 अमेरिकेत 499 ला आला आणि 2025 ला 549 चा झाला, 299 चा एक्सबॉक्स सीरिज एस तर 399 वर गेला. शेवटच्या तीन-चार वर्षांत घेणारा तो मध्यमवर्गीय, मुलाच्या वाढदिवसाला घेणारा बाप, तो या किमतीला येईल का? मी या दोन्ही कंपन्यांच्या पुढच्या कन्सोलच्या पानांवर आयुष्यभराचा आकडा मागच्या पिढीपेक्षा खाली लिहिलाय, पेनाने.