दोन रकाने वेगळे ठेवा: छोट्या प्रकाशकांनी एकमेकांची सायबर तपासणी कशी करावी

बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा तपासणी विभागात. निवृत्त झाले तेव्हा दादा म्हणाला, "घरी बसून चुका काढणारच आहेस, त्यापेक्षा ऑफिसात येऊन काढ." रत्नागिरीत आमचं प्रकाशन आहे. वर्षाला दहा-बारा पुस्तकं आणि एक दिवाळी अंक. मी आल्यावर दुसऱ्याच वर्षी दादाने ८४ हजार रुपये भलत्याच खात्यात भरले आणि मग ही तपासणीची वही सुरू झाली.

झालं ते असं. कागदाच्या व्यापाऱ्याचा मेल आला, खातं बदललंय, यापुढे इथे भरा. मेलचा पत्ता खरा, बिलाचा नंबर खरा, कारण त्या व्यापाऱ्याच्याच मेलबॉक्समध्ये कुणीतरी घुसून बसलं होतं. ऑक्टोबर महिना, अंक छपाईला चाललेला, दादाने भरून टाकले. दुसऱ्या दिवशी कागदवाल्याचा फोन, "पैसे कधी पाठवताय?" मी लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. तिथे व्यवहाराचा नंबर, वेळ, बँक असं सगळं विचारतात, ते कागदावर लिहूनच फोन करा. थोडी रक्कम पुढे सरकण्याआधी अडली, बाकीची गेली.

हे मी आमच्या ओळखीच्या तीन प्रकाशकांना सांगितलं. चिपळूणचे काका एकटेच सगळं बघतात, वर्षाला पाच-सहा पुस्तकं. कणकवलीची वहिनी मुलांचं मासिक चालवते. अलिबागचा मुलगा तरुण, वेबसाइटवरून पुस्तकं विकतो. चौघांनी ठरवलं की एकमेकांकडे जाऊन तपासायचं आणि ताडून बघायचं. तुम्हाला करायचं असेल तर जोडीदार आपल्याच मापाचे निवडा. पुण्याच्या मोठ्या प्रकाशकाशी तुलना करून नुसता न्यूनगंड पदरात पडतो. आणि वही कागदाची ठेवा. चौघांच्या कच्च्या जागांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची म्हणजे चावी कुठल्या खुंटीला आहे ते चोराला कळवायचं.

सुरुवात यंत्रांपासून करू नका. अँटिव्हायरस कुठला, हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. आधी लिहा, आपल्याकडे दुसऱ्याचं काय काय पडलंय. बँकेत लॉकरच्या खोलीत उभं राहून विचार करावा तसा. आमच्याकडे निघालं ते असं: न छापलेली सात हस्तलिखितं, रॉयल्टीसाठी घेतलेले लेखकांचे पॅन आणि बँक खाती, दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांचे पत्ते, मुखपृष्ठांच्या मूळ फाइली. कणकवलीला मात्र मी कपाळावर हात मारला. चित्रस्पर्धेचं कुपन दर महिन्याला येतं. त्यावर मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा, इयत्ता, पालकांचा मोबाइल, शिवाय फोटो. कुपनं गठ्ठा बांधून माळ्यावर टाकली असती तर गोष्ट वेगळी. वहिनीने ती सगळी एक्सेलमध्ये भरून घेतली होती आणि ती फाइल तिच्या फोनमध्येही होती.

इथे कायदा आडवा येतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नुसत्या कागदावरच्या माहितीला लागू नाही, पण कागदावरून संगणकात भरली की लागू. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येकजण मूल धरला जातो आणि मुलाची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ पासून अंगावर येतात. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची वरची मर्यादा २५० कोटी. हे ऐकून दादा हसला, "आपलं गोदाम रद्दीसकट विकलं तरी त्याचं व्याजही निघायचं नाही." हसण्यावारी नेऊ नका. एवढा दंड छोट्या पेढीला कुणी लावेल असं मलाही वाटत नाही, पण "आम्ही छोटे आहोत" हे उत्तर तपासणीत चालत नाही.

आता तपासायचं कसं. माझा एकच नियम आहे, विचारू नका, करून दाखवायला सांगा. "बॅकअप आहे का?" असं विचारलं की चौघेही मान हलवतात. त्याऐवजी मी म्हणायचे, "२०१९ सालचं एक पुस्तक आत्ता उघडून दाखवा," आणि मनगटावरचं घड्याळ बघायचे. काकांनी चार मिनिटांत उघडलं. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा त्यांचा संगणक तळमजल्यावर होता, तो चिखलासकट टाकून द्यावा लागला. टिळक वाचन मंदिराच्या ग्रंथांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. तेव्हापासून एक प्रत लॅपटॉपवर, एक माळ्यावरच्या हार्ड डिस्कवर आणि एक बहिणीकडे कऱ्हाडला. दर दोन महिन्यांनी एसटीने डिस्कची अदलाबदल. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर हा नियम त्यांनी कुठे वाचलेला नाही, पुराने शिकवला.

आमच्याकडे डिस्क सापडली, फाइल उघडली, आणि पानभर चौकटी नि प्रश्नचिन्हं! पुस्तक जुन्या फाँटमध्ये लावलेलं, तो फाँट आमच्या नव्या संगणकावर नव्हता. फाइल आहे पण मजकूर नाही, म्हणजे बॅकअप नाहीच. अलिबागला डिस्कच सापडली नाही. वहिनीकडे प्रेस सेवा पोर्टलचा, म्हणजे मासिकाच्या सरकारी नोंदणीच्या वेबसाइटचा, पासवर्ड भाच्याकडे आणि भाचा दुबईत. म्हणून आणखी एक गोष्ट करून बघा: मेल, वेबसाइट, जीएसटी, आयएसबीएन, बँक अशा प्रत्येक दाराची चावी कोणाकडे आहे ते लिहा, आणि तो माणूस उद्या आला नाही तर कोण उघडेल ते पुढे लिहा. बँकेत तिजोरीला दोन चाव्या दोन माणसांकडे असतात. तुम्हाला निदान एक बंद लिफाफा कपाटात ठेवता येईल.

यानंतर वहीत दोन रकाने आखा: जोखीम, म्हणजे काय बिघडू शकतं, आणि पालन, म्हणजे कायदे-नियम पाळले का. दोन्हींची बेरीज कधीही एकत्र करू नका. कागदपत्रं अगदी चोख असलेली कर्जंही बुडालेली मी पाहिली आहेत.

जोखमीला गुण देणं सोपं आहे. घडण्याची शक्यता १ ते ५, घडलं तर नुकसान १ ते ५, दोन्हींचा गुणाकार. काकांचा पूर घ्या: शक्यता ३, नुकसान पूर्वी ५ होतं, म्हणजे १५. पाऊस काकांच्या हातात नाही, ३ तसेच राहिले. पण डिस्क कऱ्हाडला गेल्यापासून नुकसान २ वर आलं, म्हणजे ६. आमच्या खोट्या मेलचंही तसंच. असे मेल येतच राहणार, शक्यता ४. आता खातं बदलल्याचा निरोप आला की जुन्या ओळखीच्या नंबरावर मी फोन करते आणि पैसे दादा भरतो. मेलमध्ये दिलेल्या नंबरावर फोन करायचा नाही, तिकडे चोरच उचलेल. गुणांवरून वाद होतील, होऊ द्या. वहिनी "असं कधी झालं नाही" म्हणत कुपनांच्या शक्यतेला १ द्यायला बसली होती. फोन कितीदा हरवला विचारल्यावर गप्प झाली, ३ लिहिले.

पालनाच्या रकान्यात गुण नकोत. हो, नाही, लागू नाही, एवढंच, आणि "हो" समोर पुरावा. माहिती गोळा करताना कशासाठी घेतो ते सांगितलंय का, संमती कुठे नोंदलीय, सॉफ्टवेअरची बिलं आहेत का. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते, ते कळवणार कोण. नव्या डेटा नियमांत डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर माहिती द्यायला ७२ तास आहेत, आणि ज्यांची माहिती गेली त्यांनाही विनाविलंब सांगायचं. कार्डाचे नंबर दुकानदाराने साठवणं रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केलंय. अलिबागकरांचे पैसे गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीच्या, पानावर जमा होतात, त्यांना ती चिंता नाही.

दोन रकाने शेजारी ठेवल्यावर गंमत दिसली. पालनात अलिबाग पहिला. वेबसाइटवर गोपनीयता धोरण, अटी, परतावा, सगळी पानं हजर. मी ते धोरण वाचायला घेतलं, बहुधा ते वाचणारी जगात पहिलीच मी. तिसऱ्या परिच्छेदात एका साडीच्या दुकानाचं नाव! दुसरीकडून उचलताना तेवढं बदलायचं राहिलेलं. आणि मेल, वेबसाइट, जीएसटी सगळ्याला एकच पासवर्ड, तोही स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला. जोखमीत तो शेवटचा. उलट काकांच्या पालनाच्या रकान्यात जवळपास सगळं "नाही", आणि जोखमीत ते सगळ्यांत सुरक्षित.

पण खरी धास्ती यातल्या कुठल्याच रकान्यात नव्हती. चारही वह्यांत "टाइपसेटिंग कोण करतं?" या प्रश्नाचं उत्तर एकच आलं, कुडाळचा तो एक डीटीपीवाला. मी एसटीने कुडाळ गाठलं. विंडोज ७ चा संगणक, ज्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. त्यावर पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर, आणि मागे मराठी फाँटचा डोंगल, म्हणजे फाँट चालू करणारी खोचायची चावी, जी नव्या यंत्रावर चालत नाही. चौघांची मिळून वीस वर्षांची पुस्तकं त्या एका डब्यात. तो शांतपणे म्हणाला, "ताई, हो डोंगल गेलो तर माझा काम थांबला, नि तुमची पुस्तकांय गेली." बँकेत एकाच माणसाला सगळी कर्जं देऊ नयेत म्हणतात ते हेच. एकेकट्याने तपासलं असतं तर हे दिसलंच नसतं.

त्याला दोष देऊन उपयोग नव्हता, त्याचे दर आम्हीच पाडलेले. आम्ही चौघांनी वर्गणी काढून त्याला नवा संगणक घेऊन दिला, मेल आणि इंटरनेट फक्त त्यावर. जुना डबा नेटवरून कायमचा सोडवला, फक्त जुनी कामं उघडण्यापुरता. पेनड्राइव्ह आधी नव्या यंत्रावर तपासायचा, मग जुन्यात लावायचा. आणि प्रत्येक जुनं पुस्तक एकदा पीडीएफ करून, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा लिपीत, काढून ज्याचं त्याला परत. रोज दोन, असं चाललंय. युनिकोडमध्ये रफार आणि जोडाक्षरं अजून मध्येच उलटतात, त्यामुळे वाचून घ्यावंच लागतं. ते काम काकांनी घेतलंय.

वहिनीच्या कुपनावरून जन्मतारीख आणि फोटो गेले, खाली पालकांच्या सहीची ओळ आली. निकाल लागला की त्या महिन्याची एक्सेल फाइल पुसायची, फोनमधलीसुद्धा. अलिबागला पासवर्ड बदलले, दोन टप्प्यांची पडताळणी चालू झाली. साडीच्या दुकानाचं नाव मात्र परवा बघितलं तेव्हा अजून तिथेच होतं. मी वहीत तारीख टाकून ठेवलीय.